मायचा खांब

शनिवार, ५ जुलै २०२५

कुमरे मॅडम,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं ते तुम्हीच शिकवलं होतं. मी ते लिहीत नाही. खुशालीही विचारत नाही. तुमचा पत्ता दुधराम सरांकडून घेतला. ते म्हणाले, "कोहमाऱ्याच्या पुढची शाळा आहे. पण तुले कायले पाहिजे?" मी म्हटलं, पत्रलेखनाचा सराव करायचा आहे. सर हेडमास्तर आहेत तरी पटकन विश्वास ठेवतात.

शाळा उघडली त्या दिवशी मी, शामकला आणि हिमांशू सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. सातवीच्या खोलीतलं तुमचं टेबल पुसलं. शामकलाने घरून जास्वंद आणली होती. प्रार्थना झाली, तुम्ही आल्या नाहीत. मग दुधराम सर म्हणाले, "कुमरे मॅडमनं बदली मागून घेतली. सोताच मागितली." एवढं बोलून त्यांनी हजेरी सुरू केली. जास्वंद टेबलावरच वाळली. झाडताना मी ती कोणाला उचलू दिली नाही.

सहावीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणाल्या होत्या, सातवीत ऋण संख्या येतील, मजा येईल. तर मजा येऊन राहिली आहे. खालच्या वर्गांना एक बाई आहेत, आणि पाचवी, सहावी, सातवी अशा तीन वर्गांना दुधराम सर एकटे. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात आणि मोबाईलवर शाळेची माहिती भरत राहतात. माहिती कधी संपत नाही. मधून मधून ओरडतात, "सातवी, आवाज कमी!" गृहपाठ रोज एकच, पाठ तीन वेळा लिहून आणा. दुसऱ्या दिवशी लाल टिक. हिमांशूने विज्ञानाच्या उत्तरात लिहिलं, 'अन्न लहान आतड्यात जाते, तिथे उदारामचे दुकान आहे, तिथून समोसा घेऊन अन्न पुढे जाते.' त्यालाही टिक मिळाली, खाली 'छान' पण मिळालं. वर्ग खूप हसला. मी हसले नाही.

आम्हाला तुमची गरज आहे असं समजू नका. ज्याला जायचं असतं तो जातो. हे फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. उत्तर नको.

सोनिका मनोहरलाल रहांगडाले
इयत्ता सातवी


रविवार, १३ जुलै

मॅडम,

उत्तर नको म्हटलं, तर तुम्ही खरंच दिलं नाही. ठीक.

आम्ही आता आमचा वर्ग आम्हीच चालवतो. मी गणित घेते. हिमांशू भूगोल घेतो, कारण त्याला फळ्यावर नकाशा काढता येतो, जरी त्याचा महाराष्ट्र बैलासारखा दिसतो. इंग्रजीच्या कविता शामकला घेते. तिचा आवाज मोठा आहे. नियम एकच केला आहे. जो गृहपाठ देईल त्याने प्रत्येक ओळ वाचायची. न वाचता टिक दिली तर दुसऱ्या दिवशी त्यानेच सगळ्यांसमोर तो पाठ मोठ्याने वाचायचा. दुधराम सरांनी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "गोंगाट नका करू, म्हंजे झालं." मला वाटलं ते रागावतील. ते जाताना दार हळूच ओढून गेले.

ऋण संख्यांची बेरीज मी शिकवली. सगळ्यांना आली. मग गुणाकार आला. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. हिमांशूने विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. तो म्हणाला, "पुस्तकात आहे हे तं दुधराम सरही सांगतात. तू काऊन ते सांग." मला सांगता आलं नाही. फळ्यासमोर उभी राहिले आणि खडू हातात तसाच. तुम्ही असं कधी उभ्या राहिल्या होत्या का?

तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर पाठवा. बाकी काही लिहू नका.

आणखी एक. शामकला यायची बंद झाली आहे. आता शेतात धानाचे रोवणे सुरू झाले. तिची आई मंदाबाई आमच्या शेतात, बांधीवर रोवायला येते, आणि आमचीच एक बांधी ती ठेक्याने करते. मी तिला म्हटलं, शामकलाला पाठव. तर म्हणते, "शाळेत मास्तर नाही, मंग पोरीले तिथं बसवून का करू? इथं चार पेंड्या पऱ्हे तं लावते." मी बाबूजींना रोज म्हणते, तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष आहात, मास्तर आणा. ते म्हणतात, "येईल." तुमचं नाव निघालं की त्यांना शेतातली मोटर पाहून यायची आठवण होते. मोटर आजकाल फार बिघडते.

सोनिका


रविवार, २७ जुलै

मॅडम,

मला कळलं.

काल सकाळची शाळा सुटल्यावर मी शामकलाला बोलवायला आमच्या बांधीवर गेले. बाया ओळीने वाकून रोवत होत्या, माय पण त्यांच्यातच. शामकला शेवटच्या टोकाला होती. मी बांधीच्या काठावर, धुऱ्यावरून ओरडले, "सोमवारी ये शाळेत! नवीन पाठ सुरू करून राहिलो."

ती मान वर न करता म्हणाली, "कोण शिकवते? तू?"

"हो, मी."

"तुझ्या बापानं मॅडमले हाकललं, अन् आता तू मॅडम होतेस का?"

बायांपैकी कोणी हसलं नाही, कोणी शामकलाला रागावलंही नाही. सगळ्यांचे हात नुसते जास्त भराभर चालू लागले. त्यावरून मला समजलं की हे सगळ्यांना माहीत आहे. मलाच नव्हतं.

शामकला माझ्यामागून धुऱ्यावर आली आणि तिने सगळं सांगितलं. तुम्हाला ते माहीतच आहे, पण मला आता प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते, म्हणून पुन्हा लिहिते. सहावीत स्तंभालेखाचा पाठ होता. तुम्ही गृहपाठ दिला होता, घरात कोण दिवसभर किती वेळ काम करतं त्याचा तक्ता काढून आणा. तुम्ही म्हणाल्या होत्या, "विचारू नका. पाहा." मी एक अख्खा रविवार पाहत बसले. मायचा खांब कागदाच्या वरच्या काठाला जाऊन टेकला. बाबूजींचा खांब त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. ते शेतीचे दिवस नव्हते, हे मी खाली लिहिलंही होतं. तुम्ही विचारलं, प्रमाण बरोबर घेतलंस का? मी पुन्हा मोजलं. बरोबर होतं.

मग मार्चमधल्या पालकसभेच्या दिवशी तुम्ही सगळ्यांचे तक्ते भिंतीवर लावले. लोक माझ्या तक्त्यापाशीच जमले. दुकानवाले उदारामकाका मोठ्याने म्हणाले, "अध्यक्ष महाराज, तुमचा खांब तं उगवलाच नाही जी!" सगळे हसले. बाबूजी हसले. मी पण हसले. मला वाटलं, माझा तक्ता लोकांना आवडला.

आणि त्याच आठवड्यात बाबूजींनी तक्रार लिहिली. 'सदर शिक्षिका अभ्यास सोडून भलतेच शिकवतात व घराघरांत भांडणे लावतात.' समितीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. समितीत माय पण आहे.

संध्याकाळी माय तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"माय, मॅडमच्या तक्रारीवर तू सही केली?"

"केली."

"काऊन?"

"बाबूजींनी बोट ठेवलं तिथं केली. समितीच्या कागदावर अशीच करत आली मी."

"वाचलं नाही?"

"वाचायले कोणी सांगतलं नाही."

माय आठवी शिकली आहे, मॅडम. तिला सगळं वाचता येतं.

पण मला तुमचाही राग आहे. तुम्हाला हे माहीत होतं. शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हाला ऋण संख्यांच्या गोष्टी सांगत होत्या आणि तुम्हाला माहीत होतं. मला काऊन नाही सांगितलं?

सोनिका


मंगळवार, ५ ऑगस्ट

मॅडम,

तुमचा कागद शाळेच्या पत्त्यावर आला. दुधराम सरांनी तो मंदाबाईच्या हाती शेतात पाठवला. शेतात का, ते पुढे लिहिते.

कागदावर एवढंच होतं. 'विहिरीचं पाणी रोज दोन हात खाली जातं, म्हणजे ऋण दोन. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे ऋण तीन. तेव्हा पाणी आजच्यापेक्षा कुठे होतं? सहा हात वर.' नाव नाही, तारीख नाही. मी सांगितलं तसंच. मी सांगितलं म्हणून तुम्ही खरंच तेवढंच लिहायचं का? पण समजलं. एकदा वाचून समजलं.

आता इकडचं. मी बाबूजींना विचारलं. जेवायला बसलो होतो.

"बाबूजी, मॅडमवर तक्रार तुम्ही केली?"

"कोण म्हणते?"

"सगळं गाव म्हणते."

"तुले का समजते त्यातलं? गावात राहाचं आहे आपल्याले. चार लोकांत हसू झालं माझं."

"हसले ते उदारामकाका. मॅडम तं हसल्या नव्हत्या."

"तिनं लेकरांच्या हातानं घरातले हिशेब बाहेर काढले. हा अभ्यास होय का?"

"गणित आहे ते. पुस्तकात पाठ आहे."

"पुस्तकात माझं नाव आहे का?"

"तक्त्यात खोटं काय होतं तेवढं सांगा, बाबूजी. मी खोडून टाकते."

त्यांनी ताट सरकवलं. मला वाटलं मारतील. बाबूजी मारत नाहीत, पण वाटलं. ते म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद. लय हुशार झाली. मास्तर येईपर्यंत रोवण्यात चाल." माय चुलीपाशी होती. ती चुलीत काटक्या सारत राहिली. मी रडले नाही. म्हणजे, ताटावर असताना नाही.

म्हणून मी आता बांधीत आहे. पहिल्या दिवशी कंबर अशी धरली की सरळ उभं राहता येईना. शामकलाने न बोलता स्वतःच्या बाजूला मला जागा करून दिली आणि पऱ्हे किती खोल खोचायचे ते दाखवलं. माझे तरंगून वर येत होते. दुसऱ्या दिवशी मी तिला ऋण गुणिले ऋण सांगितलं, रोवता रोवता, विहिरीचं. पलीकडून एक म्हातारी बाई म्हणाली, "दोन हात कोणत्या विहिरीत? आमच्या वस्तीची, टोलीवरची, उन्हाळ्यात रोज चार हात उतरते." मग शामकलाने चार हातांचं करून दाखवलं. बरोबर आलं. बाबूजी धुऱ्यावर उभे होते. त्यांना ऐकू आलं असेल. मला शाळेतून काढलं तर मी शाळाच बांधीत आणीन, हे त्यांना आता कळलं असेल.

पण खरं लिहायचं आहे ते वेगळंच. काल माय माझ्या बाजूला रोवत होती. मग चिखलात हात तसेच ठेवून म्हणाली, "माझा खांब तू छोटा काढला होता."

मी म्हटलं, "कागदच संपला होता, माय."

"तसं नाही. तू ढोरांचं लिहिलंच नाही. शेण काढणं, पाणी दाखवणं. अन् तुझ्या आजीले न्हाऊ घालणं."

म्हणजे पालकसभेत सगळे जण हसत होते तेव्हा माय मागे उभी राहून तो तक्ता वाचत होती.

सोनिका


शनिवार, १६ ऑगस्ट

मॅडम,

हे पत्र नीट बसून वाचा. मी नीट बसून लिहिते आहे.

काल झेंड्याला मी गेले. शाळा बंद म्हटलं होतं, झेंडा बंद म्हटलं नव्हतं. झेंडा झाला, मुलांना बुंदी वाटली, आणि मोठ्या खोलीत पालकांची सभा बसली. जुन्या समितीची मुदत संपली होती. पुरुष बाकांवर, बाया भिंतीला टेकून खाली. आम्ही खिडकीत. दुधराम सरांनी विचारलं, नवीन अध्यक्षासाठी नाव सुचवा. उदारामकाका म्हणाले, "सुचवाचं का त्यात? मनोहरलालजी आहेत ना." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवायला हात वर केले.

तेवढ्यात माय उठली.

मॅडम, माय सभेत कधी उठत नाही. पदर सावरला, आणि तिचा आवाज पहिल्यांदा इतका बारीक निघाला की सरांनी विचारलं, "काय म्हणता, रामबाई?"

"मी म्हटलं, माझी सही मले वापस पाहिजे."

"कोणती सही?"

"मॅडमच्या तक्रारीवरची."

बाबूजी बाकावरूनच म्हणाले, "घरी बोलू."

माय म्हणाली, "सही शाळेत घेतली, तं शाळेतच बोलीन." आता तिचा आवाज खिडकीबाहेर अंगणापर्यंत येत होता. "पोरीच्या तक्त्यात खोटं काही नव्हतं. असलं तं कमीच होतं. मॅडमनं माझ्या घरात भांडण नाही लावलं. मी न वाचता सही केली. आता वाचून सांगते, ते कागदावरचं खोटं आहे."

उदारामकाका म्हणाले, "बाई, आज झेंड्याचा दिवस आहे, आज कायले हे..." आणि त्यांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मंदाबाई उभी झाली. तिने कोणाचं नाव घेतलं नाही. ती आमची बांधी करते, पुढच्या साली बाबूजींनी ती दिली नाही तर तिच्याकडे दुसरी नाही. सगळ्यात जास्त भ्यायला पाहिजे होतं ते तिने. ती म्हणाली, "मॅडम होती तं माझी पोरगी शाळेत होती. आता माझ्या बाजूनं चिखलात वाकते. मलेही मॅडम पाहिजे. जे पाहिजे ते मांगाले का लाज?"

मग बाया एकेक करून बोलू लागल्या. कोणी बसूनच बोललं, कोणी उठून. समितीतल्या आणखी दोघींनी सही परत मागितली. बाबूजी उठले आणि बाहेर गेले. गाडीला किक मारली, ती चालू होईना. पुन्हा मारली. सगळी सभा खिडकीतून पाहत होती. शेवटी ते गाडी हाताने ढकलत घेऊन गेले. त्या वेळी मला बाबूजींची कीव आली, मॅडम. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. कीव आली म्हणून त्यांनी केलं ते बरोबर होत नाही.

ते गेल्यावर दुधराम सर उभे राहिले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मीही गप होतो. मॅडमले ऑफिसातून सांगण्यात आलं, बदली मागा, नाहीतर तक्रारीची चौकशी वाढते. त्यांनी मागितली. जाताना मले म्हणाल्या, सोनिकाले खरं नका सांगू, पोरगी सोताले दोष देईल."

आता ऐका. मी स्वतःला दोष देत नाही. एक दिवसही दिला नाही. मी पाहिलं ते काढलं, प्रमाण बरोबर घेतलं, खाली टीप पण लिहिली. तुम्ही मला वाचवायला गेल्या. मी मागितलं होतं का? तुम्ही सांगितलं असतं तर माय मार्चमध्येच उठली असती. कदाचित. निदान मी उठले असते. आम्हाला खरं झेपत नाही असं तुम्ही कशावरून ठरवलं? तुम्हीच म्हणायच्या ना, पाहा म्हणून?

समितीची अध्यक्ष मंदाबाई झाली. तक्रार खोटी होती असा ठराव झाला. सह्या करताना बायांनी तो आधी मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. माझ्याकडून.

सोनिका


रविवार, ७ सप्टेंबर

मॅडम,

तुमचं पत्र मिळालं, या वेळी नाव आणि तारखेसकट. मी शेवटी उत्तर देते. आधी माझ्या बातम्या.

माय, मंदाबाई आणि मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो, ठराव घेऊन. तिथले साहेब चांगले होते, खुर्च्या दिल्या. मग विचारलं, "पुरुष मंडळी कोणी नाही आली?"

मंदाबाई म्हणाली, "ते सही कराले येतात, साहेब. वापस घ्याले आम्हीच आलो."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ठराव वाचला, मायला विचारलं, हे तुम्ही स्वतः वाचलं का? माय म्हणाली, "वाचलं. तुम्हाले वाचून दाखवू?" तेव्हा हसले.

नवीन सर आले आहेत, धनेंद्र सर. कुडव्याहून रोज गाडीने येतात. वयाने लहान आहेत, घाबरतात, आणि मधेच हिंदीत शिकवू लागतात. पहिल्याच दिवशी त्यांनी गृहपाठ दिला आणि दुसऱ्या दिवशी टिक मारत निघाले. हिमांशूने उभं राहून त्यांना आमचा नियम सांगितला. सरांचे कान लाल झाले. पण त्या दिवशी ते आमच्यासोबत बसले, प्रत्येक ओळ वाचली, आणि माझ्या वहीत चूक काढली. खरी चूक होती. सर चालतील.

शामकला परत आली. तिचे तीन पाठ मागे पडले आहेत. मधल्या सुट्टीत मी घेते. ती मला मॅडम म्हणून चिडवते.

बाबूजींनी मला शाळेची परवानगी दिली नाही. मी मागितलीही नाही. दप्तर घेतलं आणि गेले. पोळ्याच्या दिवशी त्यांनी बैल सजवले, पूजेला मायला हाक मारली नाही, मला म्हणाले, "तुझ्या मायले सांग, आरती आण." दोघं एका घरात आहेत आणि मी मधे पोस्टमन. मंदाबाईची बांधी मात्र तिच्याकडेच आहे. कोणीतरी बाबूजींना विचारलं, काढून घेता का? ते म्हणाले, "बांधीचा अन् सभेचा का संबंध?" हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. बाबूजींबद्दल हे पण माहीत असावं.

आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिता, चौकशी मिटली, ऑफिसातून फोन आला. आनंद झाला. तुम्ही लिहिता, परत याल का विचारलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणाल्या, कारण तिथेही तीन वर्गांना तुम्ही एकट्याच आहात, आणि ती मुलं आता बोलायला लागली आहेत.

मी ते पत्र वाचून दप्तरात कोंबलं आणि दोन दिवस काढलं नाही. आम्ही एवढं सगळं केलं ते काय दुसऱ्यांच्या मुलांसाठी? मग मला त्या मुलांचे चेहरे दिसू लागले. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. पण शाळा उघडली त्या दिवशी आम्ही कसे दिसत होतो ते मला माहीत आहे.

राहा तिथेच. मी हे मनापासून लिहीत नाही, पण लिहिते.

आणि आपली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून पुढच्या वर्षी आठवीला दवनीवाड्याला जावं लागेल. पोरींना एवढ्या लांब सायकलने पाठवायचं का, यावर ओट्यावर चर्चा चालू आहे. चालू द्या. मी आणि शामकलाने रस्ता पाहून ठेवला आहे.

सोनिका


शुक्रवार, १९ सप्टेंबर

मॅडम,

तुमचं पत्र मायने मागून घेतलं. अंगणात बसून स्वतः वाचलं, ओठ हलवत. शेवटी तुम्ही 'आईंना माझा नमस्कार' लिहिलं होतं, तिथे थांबली. मग मला म्हणाली, "कोहमाऱ्याले गाडी केव्हा असते?"

मला वाटलं नुसतं विचारते. पण आज संध्याकाळी तिने पेटीतली हिरवी साडी काढली, झटकली आणि पिशवीत ठेवली. बाबूजी ओसरीत बसले होते. सभेपासून त्यांनी मायला थेट काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"कुठी?"

"कोहमाऱ्याले. परवा."

"कायले?"

"मॅडमले भेटाले."

बाबूजींनी पिशवीकडे पाहिलं. मी दाराआड उभी होते. मग ते म्हणाले, "अन् जेवण?"

मायने पिशवीची गाठ मारली. मागे वळून न पाहता म्हणाली, "तांदूळ कोठीत आहे. चूल कुठं आहे ते तुम्हाले माहीत आहे."

बाबूजी उठले. मला वाटलं आता मोटर पाहायला जातील. ते आत गेले, कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने बंद केल्याचा आला. बाहेर येऊन म्हणाले, "किती तांदूळ लागते एकट्याले?" माय म्हणाली, "अर्धी वाटी." बस. एवढंच बोलणं झालं. पण ते मला मधे न घेता झालं.

तर मी विचारत नाही, सांगते. रविवारी आम्ही येतो. शाळेला सुट्टी असते हे माहीत आहे, म्हणून तुमच्या खोलीवरच येऊ. स्टँडवर उतरून धाब्यांच्या मागची गल्ली, दुधराम सरांनी सांगितलं आहे. नको म्हणायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. हे पत्र मी उद्या टाकते, म्हणजे ते आमच्या मागूनच येईल.

तुमच्याशी काय बोलायचं आहे ते मायने मला सांगितलं नाही. मी विचारलं, सहीबद्दल का? ती म्हणाली, "ते माझं अन् मॅडमचं आहे. तू बाहेर बसजो."

बसेन मी बाहेर. पण मी बाहेर बसले की दार लावायचं नाही, हे मी तिथे आल्या आल्या सांगणार आहे. तिलाही आणि तुम्हालाही.

सोनिका